विश्वकिरणांचे उपासक

पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव लागते. पावसाळा सरून आकाश निवळले, की अमावास्येच्या सुमारास तेथील नदीकाठी उभे राहून डोक्यावरून किंचित उत्तरेस नजर टाकावी. देवयानी तारकासमूहात कापसाच्या पुसट पुंजक्यासारखा एक डाग दिसतो. तो ढग नव्हे आणि तारकाही नव्हे. आपल्या आकाशगंगेसारखीच ती अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका आहे आणि तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात.

इ. स. १८८५ च्या ऑगस्ट महिन्यात या डागाच्या मध्याजवळ एक नवा तारा चमकू लागला. युरोपातील ज्योतिर्विदांनी तो मोठ्या कुतूहलाने पाहिला. परंतु हळूहळू मंद होत अखेर तो दिसेनासा झाला. त्या काळी देवयानीतील तो डाग किती दूर आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते. पुढे चाळीस वर्षांनी ते अंतर कळले, तेव्हा शास्त्रज्ञ थक्क झाले. इतक्या दुरून दिसणारा तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी असला पाहिजे! तो नवा तारा नव्हताच. एका जुन्या ताऱ्याचा तो प्रचंड स्फोट होता. अशा ताऱ्यांना अतिनवतारे म्हणतात. इ. स. १९३४ मध्ये वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी या दोन शास्त्रज्ञांनी असे सुचविले, की अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र जे विश्वकिरण येऊन आदळतात, त्यांचा उगम या स्फोटांत असावा.

हे विश्वकिरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण हाताचा तळवा आकाशाकडे धरला, तर त्यांच्यामुळे निर्माण झालेला एखाददुसरा कण दर सेकंदाला त्यातून आरपार निघून जातो. या किरणांचे कोडे उलगडण्यात ज्या भारतीयाने मोलाचा वाटा उचलला, त्याचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा. मासवणच्या पश्चिमेस समुद्रकाठी तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. ते भाभांच्याच आग्रहाने उभे राहिले. त्यामुळे या भागात त्यांचे नाव अणुशक्तीशी जोडले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि अणुभट्ट्यांकडे वळण्यापूर्वी ते विश्वकिरणांचे अभ्यासक होते, आणि ती ओढ त्यांना अखेरपर्यंत सुटली नाही.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन व सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झालेला होता. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, उत्तमोत्तम चित्रांच्या प्रतिकृती होत्या. होमी तासन्‌तास संगीत ऐके, कुंचला हाती घेऊन चित्रे काढी आणि गणिताच्या पुस्तकात त्याच तन्मयतेने रमून जाई. आत्याच्या घरी देशातील थोर माणसांची ये-जा असे. पोलादाचे कारखाने, वीजनिर्मिती, शिक्षणसंस्था यांच्या गोष्टी तेथे मुलाच्या कानांवर पडत. भाभांच्या पुढील आयुष्यातील धडाडीचे मूळ बहुधा या गोष्टींत असावे.

शालेय शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढील शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे झाल्यावर इ. स. १९२७ मध्ये भाभा केंब्रिजला गेले. मुलाने यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. पण केंब्रिजमध्ये त्या काळी भौतिकशास्त्राला नवा बहर आला होता. अणूचे अंतरंग तेथे दिवसागणिक उलगडत होते. भाभांचे मन यंत्रांत रमेना. इ. स. १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपल्या मनाची तळमळ स्पष्ट शब्दांत कळविली. मोठा व्यवसाय किंवा मोठा पगार आपणास नको, भौतिकशास्त्र हेच आपले क्षेत्र आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

अठरा वर्षांच्या मुलाचे हे पत्र वाचून एखादा बाप रागावला असता, एखादा विरघळला असता. जहांगीर भाभांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी एक अट घातली. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकण्याचा खर्च ते देणार होते. भाभांनी अट मान्य केली. नावडता विषय त्यांनी मन लावून पुरा केला आणि इ. स. १९३० मध्ये प्रथम वर्ग मिळविला. त्यानंतर पॉल डिरॅक यांच्यासारख्या गुरूंच्या सहवासात राहून इ. स. १९३२ मध्ये गणिताच्या परीक्षेतही त्यांनी तेच यश संपादन केले. नाइलाजाने शिकलेली अभियांत्रिकी पुढे संस्था आणि अणुभट्ट्या उभारताना त्यांच्या पदोपदी कामी आली.

विश्वकिरणांचा शोध त्यापूर्वीच लागला होता. इ. स. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेला. जसजसे वर जावे, तसतसा हा अदृश्य मारा वाढत जातो, असे त्याला आढळले. म्हणजे हे किरण जमिनीतून निघत नव्हते, ते आकाशातून येत होते. पण ते नेमके कशाचे बनलेले आहेत आणि हवेत शिरल्यावर त्यांचे काय होते, याविषयी पुष्कळ वाद माजले होते. भाभांचा पहिला शोधनिबंध इ. स. १९३३ मध्ये याच विषयावर प्रसिद्ध झाला. त्या काळात शिष्यवृत्तीच्या आधारे ते झुरिकला वोल्फगांग पाउली व रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडे राहून आले होते.

त्या वेळी शास्त्रज्ञांना एक गोष्ट मोठी चमत्कारिक वाटत असे. विश्वकिरण टिपणाऱ्या उपकरणांत मधूनच एकाच क्षणी कणांचा वर्षाव होई. एखाद्या ढगातून पावसाची सर कोसळावी, तसे असंख्य कण एकदम येत. इतके कण एकाएकी येत कोठून? इ. स. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी या प्रश्नाचे उत्तर गणिताने सिद्ध केले. हाइटलर हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले शास्त्रज्ञ होते. दोघांची उपपत्ती थोडक्यात अशी: एखादा अतिवेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणुकेंद्राजवळून जाताना त्याची गती मंदावते आणि त्याची पुष्कळशी ऊर्जा गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर पडते. तो गॅमा किरण पुढे दुसऱ्या अणुकेंद्राजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मास येते. ती जोडी पुन्हा नवे गॅमा किरण निर्माण करते आणि ते किरण पुन्हा नव्या जोड्या. एकाचे दोन, दोघांचे चार, चारांचे आठ, असे करता करता थोड्याच अवधीत हजारो कण तयार होतात. शेवटी ऊर्जा वाटली जाऊन इतकी तोकडी पडते, की वर्षाव आपोआप ओसरतो. अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. इ. स. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये पिअर ओझे यांना विस्तीर्ण जागेवर एकाच वेळी कोसळणारे वर्षाव आढळले, तेव्हा या उपपत्तीचे महत्त्व अधिकच स्पष्ट झाले.

या गणिताने एक नवे कोडेही पुढे ठेवले. विश्वकिरणांतील काही कण शिशाचे जाड थरही भेदून जात. इलेक्ट्रॉन तसे करू शकत नाही, हे उपपत्तीवरून उघड होते. तेव्हा तो दुसराच, अधिक जड कण असला पाहिजे. तसा कण अमेरिकेत सापडलाही. परंतु असे कण अल्पायुषी असावेत. मग उंच आकाशात जन्मलेला कण जमिनीपर्यंत पोहोचतो कसा? आज आपण ज्याला म्यूऑन म्हणतो, त्याचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे दुप्पट असते. प्रकाशाच्या वेगाने धावूनही एवढ्या काळात तो सात-आठशे मीटरांच्या आतच संपावयास हवा. पण त्याचा जन्म तर दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर झालेला असतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे अतिवेगाने धावणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या दृष्टीने मंदावतो. अशा कणाचे आयुष्य याच कारणाने लांबलेले दिसेल आणि त्यावरून सापेक्षतावादाची परीक्षाही घेता येईल, असे भाभांनी इ. स. १९३८ मध्ये दाखवून दिले. काही वर्षांतच प्रयोगांनी ते खरे ठरले. या जातीच्या कणांना मेसॉन म्हणावे, हेही भाभांनीच सुचविले. त्या वेळी प्रचारात असलेले नाव ग्रीक भाषेच्या दृष्टीने अशुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शब्दांविषयीचा हा चोखंदळपणा त्यांच्या एकंदर स्वभावाला शोभणाराच होता.

इ. स. १९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुट्टीसाठी भारतात आले. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या महायुद्धाचा भडका उडाला आणि परतीचा मार्ग खुंटला. युरोपातील ज्या प्रयोगशाळांत जगातील श्रेष्ठ शास्त्रज्ञांशी त्यांची रोज चर्चा होत असे, त्या आता युद्धकार्यात गुंतल्या होत्या. तिशीच्या उंबरठ्यावरील, ऐन भरात आलेल्या संशोधकाला हा मोठाच आघात होता. भारतात त्या वेळी अशा संशोधनाला साधने थोडी आणि सहकारी त्याहून थोडे होते.

भाभा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रपाठक म्हणून रुजू झाले. भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. तरुण विक्रम साराभाईही तेथेच विश्वकिरणांवर काम करीत होते. टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने भाभांनी विश्वकिरण संशोधनाचा एक स्वतंत्र विभाग सुरू केला. आजवर कागद आणि लेखणी एवढ्यावर काम करणारा हा सैद्धांतिक आता स्वतः उपकरणे बांधून घेऊ लागला. कणांच्या वाटा बाष्पाच्या रेषांनी दाखविणारी मेघपेटी तेथे तयार झाली.

येथे भाभांच्या एक गोष्ट ध्यानी आली. युरोपात जे मिळाले नसते, ते भारताच्या आकाशात आणि भूमीत होते. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे. दूरवरून येणाऱ्या विद्युत्‌भारित कणांपैकी जे दुबळे असतात, त्यांना तो चुंबकीय विषुववृत्ताजवळ परतवून लावतो आणि केवळ प्रबळ कणच आत येऊ देतो. दक्षिण भारत या विषुववृत्ताच्या अगदी निकट आहे. म्हणून निसर्गाने चाळून दिलेले, अत्युच्च ऊर्जेचे विश्वकिरण अभ्यासावयास बंगळूरसारखी जागा दुर्मीळ. शिवाय तेथून जवळच कोलारच्या सोन्याच्या खाणी जमिनीत खोलवर गेल्या होत्या. कोणते कण किती खोल जातात, हे मोजण्यास त्यांहून सोयीची प्रयोगशाळा कोणती? युद्धकाळात बंगळूरला अमेरिकी विमाने येत. त्यांतून उपकरणे सुमारे ३० हजार फूट उंचीवर पाठवून भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसॉनांची मोजणी केली.

इ. स. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. दुसऱ्याच वर्षी केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. अलाहाबाद विद्यापीठाने व कलकत्त्याच्या एका नामांकित विज्ञानसंस्थेने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. ते त्यांनी नाकारले. युद्ध कधी ना कधी संपणार आणि परदेशाची दारे पुन्हा उघडणार, हे उघड होते. तेथे कीर्ती होती, साधने होती, जुने मित्र होते. येथे सारे नव्याने उभारावे लागणार होते. भाभांनी बराच काळ या प्रश्नाचा विचार केला आणि भारतातच राहण्याचा निश्चय केला. युद्धाने त्यांना अडकविले हे खरे. पण अडकलेला मनुष्य वाट मोकळी होताच निघून जातो, आणि भाभा गेले नाहीत.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. मूलभूत संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था भारतात निघावी, म्हणजे अणुशक्तीचा उपयोग करण्याची वेळ येईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा विचार त्यांनी मांडला. अणुबाँबचा स्फोट त्या वेळी व्हावयाचा होता आणि अणूपासून वीज ही तर कल्पनेतलीच गोष्ट होती. विश्वस्तांनी ही योजना उचलून धरली. इ. स. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. बंगळूरला काही महिने काढून ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. हा बंगला भाभांच्या आप्तांचाच होता.

या संस्थेने विश्वकिरणांचा पाठलाग वर आणि खाली, दोन्ही दिशांनी केला. प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे येथेच तयार करून ते उपकरणांसह आकाशात सोडले जाऊ लागले. दुसरीकडे भाभांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांना कोलारच्या खाणींत धाडले. दिवसभर अंधारात, उकाड्यात आणि दमट हवेत काम करून त्यांनी वेगवेगळ्या खोलींवर कणांची मोजणी केली. याच खाणीत २ किलोमीटरांहून अधिक खोलीवर भारत, जपान व इंग्लंड येथील शास्त्रज्ञांना इ. स. १९६५ मध्ये विश्वकिरणांपासून हवेत निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंचा सुगावा लागला. न्यूट्रिनो हा असा कण आहे, की तो संपूर्ण पृथ्वी सहज आरपार करतो आणि क्वचितच कोणाच्या तावडीत सापडतो.

स्वातंत्र्यानंतर भाभांवर फार मोठी जबाबदारी येऊन पडली. इ. स. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुशक्ती आयोगाचे ते अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून दूर आहे. तेथे आगगाडीने कोळसा वाहून आणून वीज करण्याऐवजी अणुशक्तीने करावी, असा हिशेब त्यांनी मांडला. थंडाव्यासाठी समुद्राचे विपुल पाणी आणि मुंबई व गुजरात या दोहोंची जवळीक पाहून तारापूरची निवड झाली. इ. स. १९६४ मध्ये तेथील दोन अणुभट्ट्यांसाठी एका अमेरिकी कंपनीशी करार झाला. परदेशी बनावटीच्या भट्ट्या घेतल्याबद्दल टीकाही झाली. परंतु अणुवीज परवडते, हे आधी दाखवून द्यावे आणि पुढच्या भट्ट्या आपण बांधाव्या, असे भाभांचे धोरण होते.

या सर्व व्यापात त्यांचे स्वतःचे संशोधन मात्र मागे पडत गेले आणि इ. स. १९५५ नंतर जवळजवळ थांबलेच. ज्याने तरुणपणी डिरॅक आणि पाउली यांच्या पंक्तीत बसून गणिते मांडली, त्याला आता अंदाजपत्रके, करार आणि इमारतींचे नकाशे तपासावे लागत. ही किंमत लहान नव्हती, आणि ती त्यांनी जाणूनबुजून मोजली. कामाच्या धबडग्यातही त्यांनी चित्रकला व संगीत सोडले नाही. कुलाब्याला समुद्रकाठी संस्थेची नवी वास्तू उभी राहिली, तिच्या भिंतींसाठी त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रे जातीने निवडली. झाड तोडणे त्यांना मुळीच खपत नसे. वाटेत येणारे मोठे झाड ते मुळांसकट उचलून दुसरीकडे लाववीत.

इ. स. १९६१ मध्ये परदेशांत काम करणाऱ्या चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी भाभांना पत्र पाठविले. ताऱ्यांकडून व दीर्घिकांकडून प्रकाशाप्रमाणेच रेडिओ लहरीही येतात. त्यांचा अभ्यास भारतात सुरू करण्याची त्यांची इच्छा होती. काही महिन्यांतच भाभांची तार गेली. त्यांनी या योजनेला होकार दिला होता. त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप इ. स. १९६३ मध्ये परत आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण इ. स. १९६५ मध्ये सूर्याचे निरीक्षण करू लागली. उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारण्याची आखणीही सुरू झाली होती.

ती पूर्ण झालेली भाभांनी पाहिली नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी ते ज्या विमानाने निघाले होते, ते आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभांचे वय त्या वेळी ५६ वर्षांचे होते. इ. स. १९६७ मध्ये तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली आणि इ. स. १९७० मध्ये उटीची दुर्बीण पुरी झाली.

पुढे गोविंद स्वरूप यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावानजीक खोडद येथे त्याहूनही मोठी दुर्बीण उभारली. तीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. मार्च १९९३ मध्ये सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत एक अतिनवतारा दिसला होता. त्याचा प्रकाश केव्हाच मंदावला. पण त्याच्या स्फोटाने उसळलेल्या वायूच्या कवचातून रेडिओ लहरी येतच राहिल्या. स्फोटानंतर सुमारे ३,२०० दिवसांनी टाटा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने त्या लहरी मोजल्या, आणि त्यांना अमेरिकेतील दुर्बिणीच्या नोंदींची जोड दिली. त्या कवचातील चुंबकीय क्षेत्र किती प्रबळ आहे आणि तेथे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग मिळून पुढे त्यांची ऊर्जा कशी झिजत जाते, याचा हिशेब त्यावरून त्यांनी मांडला.